अण्णांचे हात, माझं नाक

तास चालू असताना मोबाईल कपाटात ठेवायचा, हा नियम आमच्या शाळेत मीच आग्रहानं आणला. त्यामुळे अण्णा गेल्याची बातमी आळीत पोचली, जेटीवर पोचली, मुंबईला माझ्या नवऱ्यापर्यंत पोचली आणि सगळ्यांत शेवटी मला कळली. शिपाई वर्गाच्या दारात येऊन नुसता उभा राहिला. मी जरा रागानंच विचारलं, "काय हवंय?" तो म्हणाला, "मॅडम, घरी बोलावलंय... अण्णांचं..." फळ्यावर एक आकृती अर्धी राहिली होती. ती मी पुरी केली, नावं दिली, खडू ठेवला आणि मगच निघाले. का पुरी केली ते आजही सांगता येत नाही. घरी पोचले तर सासूबाई मागच्या पडवीत अण्णांच्या खुर्चीशेजारी जमिनीवर बसल्या होत्या. "पेज प्यायले, पाणी मागितल्यानी, मी आत गेले नि आले तर..." येणाऱ्या प्रत्येकाला त्या एवढंच सांगत होत्या, त्याच शब्दांत, त्याच ठिकाणी थांबून.

त्याला आता पाच आठवडे होतील. अण्णा म्हणजे माझे सासरे. भेटायला येणारी माणसं त्यांच्याविषयी चांगलंच बोलली, पण सगळे त्यांना 'बोटीचे मेकॅनिक' म्हणत होते आणि मला दर वेळी आतून चीड येत होती. इंजिन खोलणारे मेकॅनिक मिरकरवाड्याच्या जेटीवर बरेच आहेत. अण्णांनी आयुष्यभर एकच काम केलं. मासेमारीच्या बोटीचं इंजिन तळाशी असतं आणि त्याचा धूर एका जाड लोखंडी नळीतून, केबिनच्या पाठीमागून वर नेऊन छपराच्या वर सोडलेला असतो. ती नळी, तिचे जोड, तिच्यावरचा सायलेन्सर आणि तिच्याभोवती गुंडाळलेलं उष्णतारोधक कापड, एवढाच अण्णांचा प्रांत. नळी बाहेरून खाऱ्या हवेनं गंजते, आतून काजळीनं खाल्ली जाते, आणि इंजिनाच्या थरथरीनं जोड सैल होतात. मग धूर छपराच्या वर जायचा तो केबिनमध्ये शिरतो, जिथं खलाशी झोपतात. बाकीच्या बिघाडात बोट बंद पडते, माणसं ओढून आणता येतात. या बिघाडात बोट नीट चालत राहते आणि आतली माणसं उठत नाहीत. अण्णांना हे पुरतं माहीत होतं, म्हणून त्यांनी दुसरं काही हातात घेतलं नाही.

मी लग्न होऊन या घरात आले ती संगमेश्वरच्या आतल्या बाजूच्या गावातून. आमच्याकडे भातशेती, नाचणी आणि पावसाळ्यात नदीचे मासे, एवढाच पाण्याशी संबंध. पहिल्याच आठवड्यात माझ्या लक्षात आलं की सासरे माझ्यापासून लांब बसतात. मी चहा घेऊन गेले की कप घेतात आणि खुर्ची सरकवतात. मी रडकुंडीला आले. शेवटी सासूबाईंनी हसत उलगडा केला, "तुझ्या तेलाचा वास गो. त्यांचं नाक बिघडतं." कामाच्या दिवसांत अण्णा वासाचा साबण लावत नसत, डोक्याला तेल घालत नसत, तंबाखू तर जन्मात नव्हती. सकाळी फक्त पेज आणि मीठ. मासळी असली तर ती काम संपवून आल्यावर. एवढं सगळं एका नाकासाठी. मी शाळेत विज्ञान शिकवते, त्यामुळे मला ते थोतांड वाटलं, आणि नव्या सुनेनं जेवढं दाखवावं त्यापेक्षा जरा जास्तच मी ते चेहऱ्यावर दाखवलं असणार.

त्यांचं काम मी पहिल्यांदा पाहिलं ते डबा द्यायला जेटीवर गेले तेव्हा. दोन नळ्यांची तोंडं जोडणारी लोखंडी चकती, तिच्यावर गोल बसवलेले नट. अण्णा एक नट थोडा आवळायचे, मग त्याच्या बरोब्बर समोरचा, मग आडवा, मग त्याच्या समोरचा. शेजारचा नट लगोलग कधीच नाही. मग तासभर इंजिन चालवून नळी लालबुंद व्हायच्या बेतात तापवायची आणि गरम असतानाच सगळे नट पुन्हा त्याच क्रमानं आवळायचे. जुना नट परत वापरायचा नाही. हे सगळं झालं की बोटीचं तोंड वाऱ्याला धरायला सांगायचे, म्हणजे वरून सुटलेला धूर फिरून आत येणार नाही आणि चांगल्या जोडाला उगाच दोष लागणार नाही. मग ते खलाशांच्या केबिनमध्ये शिरायचे, दार-खिडक्या लावून घ्यायचे आणि चालू इंजिनावर अर्धा तास डोळे मिटून बसायचे. बाहेर खलाशी म्हणायचे, अण्णा समाधीला बसले. आत बसलेले अण्णा फक्त वास घेत असायचे. बाहेर येऊन "जाऊ दे" म्हणाले तरच बोट समुद्रात जायची.

त्या दिवशी परत येताना मी माझं ज्ञान पाजळलंच. म्हटलं, "अण्णा, धुरातला खरा विषारी वायू कार्बन मोनॉक्साइड. त्याला वासच नसतो. तुम्ही नाकानं काय ओळखणार?" त्यांना राग आला नाही. ते चालता चालता म्हणाले, "तुज्या पुस्तकातला वायू एकटा नाय येत गो. भावांना घेऊन येतो. नि भाऊ घाण मारतात." उत्तर अगदी चूक नव्हतं आणि नेमकं तेच मला झोंबलं. पुढं माझ्या नवऱ्यानं मुंबईहून तो वायू ओळखणारं एक यंत्र आणून एका बोटीच्या केबिनमध्ये लावलंसुद्धा. खलाशांनी चहाला स्टोव्ह पेटवला की ते किंचाळायचं. तिसऱ्या फेरीला कोणीतरी त्याची बॅटरी काढून विजेरीत घातली आणि यंत्रानं कायमचं मौन धरलं. अण्णा त्या दिवशी जेवताना मिशीतल्या मिशीत हसत राहिले.

साथीच्या वर्षात त्यांना ताप आला. आठ-दहा दिवसांत उठून बसले, महिन्याभरात जेटीवर जायला लागले. आम्ही म्हटलं, सुटलो. त्यानंतरच्या दोन हंगामांत त्यांच्यात काही बदल झाला आहे असं आमच्या कोणाच्या मनातसुद्धा आलं नाही. आता मागे वळून पाहिलं की सगळं दिसतं... मी केसांना तेल लावून शेजारी बसले तरी ते खुर्ची सरकवत नव्हते. सोनचाफा फुलला की झाड दिसायच्या आधी "फुललाय गो" म्हणून ओरडणारा माणूस फुलं ताटलीत आणून ठेवली तरी काही बोलत नव्हता. मला वाटलं, सासरे म्हातारे झाले, निवळले. माझ्या तेलाची त्यांना सवय झाली म्हणून मी मनातून सुखावलेसुद्धा होते.

बोट घेऊन समुद्रात जाणारा म्होरक्या तो तांडेल. हनीफ तांडेलाची बोट ही अण्णांची जुनी बोट, म्हणजे वीस वर्षं तिची नळी दुसऱ्या कोणाच्या हाताला लागली नव्हती. त्यातल्या दुसऱ्या हंगामात, ऐन थंडीत, तिचा एक जोड बदलून अण्णांनी नेहमीप्रमाणे आत अर्धा तास काढला, बाहेर येऊन "जाऊ दे" म्हणाले, आणि बोट गेली. ती तिसऱ्याच दिवशी अर्ध्यातून परत आली. दोन खलाशांना उलट्या, डोकं धरलेलं, आणि तिसरा जिना चढून वर येताना मधेच कोसळलेला. वर काढून वाऱ्यावर निजवला म्हणून वाचला. त्यांना दवाखान्यातून घरी सोडल्यावर हनीफ आमच्याकडे आला. येताना पापलेटं घेऊन आला, जसा नेहमी यायचा. पडवीत टेकला, पाणी प्यायला आणि मग खाली बघत म्हणाला, "अण्णा, वास नाय आला तुमाला?"

तांडेल भांडायला आला असता तर बरं झालं असतं. अण्णा म्हणाले, "जोडाचा दोष नाय. बेलो फुटला आसंल वाटेत." बेलो म्हणजे नळीतला एक घड्याघड्यांचा लवचीक तुकडा. इंजिन थरथरतं, नळी जागच्या जागी राहते, आणि त्या दोघांची ओढाताण हा मधला सोसतो. तो वाटेत फुटू शकतो हे खरंच आहे. हनीफनं मान हलवली आणि गेला. त्यानं विश्वास ठेवला, आणि ठेवला हेच अण्णांना सोसलं नाही असं मला वाटतं. त्या दिवशी त्यांनी पापलेटाला हात लावला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी सासूबाई दूध तापत ठेवून विहिरीवर गेल्या. मी आंघोळीला. अण्णा गॅसच्या ओट्याशेजारीच पाटावर बसून पेज पीत होते. मी बाहेर आले तर घरभर करपलेल्या दुधाचा वास, पातेलं काळं पडलेलं, आणि त्याच्यापासून दोन हातांवर अण्णा शांतपणे पेज पिताहेत. मी धावत जाऊन गॅस बंद केला. त्यांनी वर पाहिलं. मी पातेल्याकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे. मी विचारलं, "कधीपासून?" ते म्हणाले, "तापापासून." मग वाटी खाली ठेवून हळू आवाजात, "शुभे... कोणाला सांगू नको."

मी सासऱ्यांवर त्या दिवशी पहिला आणि शेवटचा आवाज चढवला. दोन हंगाम! दोन हंगाम हा माणूस बंद केबिनमध्ये डोळे मिटून बसत होता, काही न कळता बाहेर येत होता आणि "जाऊ दे" म्हणत होता. मी काय काय बोलले ते सगळं इथं लिहिण्यासारखं नाही. खलाशांनाही बायका-पोरं आहेत, हे बोलले. तुमच्या नावासाठी माणसं मारणार का, हेही बोलले. त्यांनी एकदाही मला अडवलं नाही. सगळं ऐकून घेतल्यावर म्हणाले, "हात अजून चांगले हायत गो. जोड आजूनपण घट्ट बसतो. वाटायचं, जोड घट्ट आसंल तर वास कशाला येईल? नि वास येत नाय म्हंजे जोड घट्ट हाय..." ते स्वतःच थांबले. ही चूक दुसऱ्या कोणी केली असती तर मी तिला मूर्खपणा म्हटलं असतं. पण पन्नास वर्षं ज्याला काही वास न येणं म्हणजेच काम चांगलं झाल्याची खूण होती, त्याला ती खूण रोज मिळत होती. त्यांचं नाक बंद झालं आणि त्यांचं प्रत्येक काम बिनचूक व्हायला लागलं.

मला वाटलं होतं, आता ते काम सोडतील. त्याच दिवशी दुपारी ते अंगरखा घालून निघाले. मी स्कूटर काढली, कारण एकट्याला सोडवेना. जेटीवर जाळी विणत बसलेले, बर्फ चढवणारे, चहावाले, सगळे होते. अण्णा थेट हनीफपुढे जाऊन उभे राहिले आणि सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणाले, "माजं नाक गेलंय. दोन वर्षां झाली. तुजा खलाशी माज्यामुळं पडला. बेलोचं मी खोटं बोललंय." मी आजवर बऱ्याच सभांमधून मोठमोठ्या माणसांची भाषणं ऐकली आहेत. त्यातलं एकही इतकं कठीण नव्हतं. अण्णा तिथंच खाली बसले. हनीफ म्हणाला, "हातांचं काय?" "हात हायत." मग त्यानं माझ्याकडे पाहिलं, मी त्याच्याकडे, आणि मला अजून आठवतं, मी काही विचार न करता बोलून गेले, "नाक माझं घ्या."

काही तांडेलांनी त्यानंतर अण्णांना बोलावणं बंद केलं. ते बरोबरच होतं आणि अण्णांनी त्यांना नावं ठेवली नाहीत. हनीफनं आणि अजून चार-पाच जणांनी मात्र बोलावलं. शाळा सुटली की मी स्कूटरवरून जेटीवर. माझं तेल बंद झालं, पावडर बंद झाली, अत्तराच्या कुपीवर बूच बसलं, आणि अबोलीचा वळेसर मी सुट्टीच्या दिवशी माळायला लागले. सासूबाई कुरकुरल्या, "एका नाकापायी माझा संसार बिनवासाचा गेला, आता सुनेचा पण?" पण सकाळची पेज त्याच करून द्यायच्या, वर मीठ घालून.

पहिल्या दिवशी मी केबिनमध्ये दहा मिनिटंसुद्धा टिकले नाही. इंजिनाचा दणका, खालून डुलणारी बोट, आणि वासांचा असा काला की एकही वास वेगळा कळेना. अण्णांनी मला बाहेर काढलं, शेजारी बसवलं आणि शिकवायला सुरुवात केली. माझा सगळा जन्म शिकवण्यात गेला, पण इतकं सावकाश मला कोणी शिकवलं नव्हतं. आधी बंद इंजिनावर बसायचं. एकेक वास वेगळा काढायचा. कच्चं डिझेल, जुनं इंजिन ऑइल, तळात साठलेलं पाणी, ओली दोरी, जाळ्यातली वाळलेली खवलं, नवा रंग. "आता हे सगळे बाजूला ठेव," ते म्हणायचे, "जे उरलं ते सांग." मग इंजिन चालू. ते दाराबाहेर बसायचे, मी आतून ओरडून सांगायची. धूर असेल तर तो कुठून येतोय, खालून की पाठीमागून, कोरडा की तेलकट, घशाला लागतोय की डोळ्यांना, हे सगळं विचारायचे. माझ्या उत्तरावरून त्यांना कोणता जोड ते कळायचं. आत जाऊन पाना लावायचे, तो नट खरंच सैल निघायचा. त्यांना वास नव्हता, मला अक्कल नव्हती, आणि आम्हा दोघांचं मिळून बरं चाललं होतं. प्रत्येक वेळी मी सगळे वास सांगून झाले की ते शेवटी एकच विचारायचे, "आणि धूर?" मी "नाही, अण्णा" म्हटलं की ते उठायचे आणि हनीफला "जाऊ दे" म्हणायचे. तो शब्द मी कधी उच्चारला नाही. तो त्यांचाच राहिला.

एकदा जेटीवरून परत येताना मागून ते म्हणाले, "आता वास कसला येतोय?" मला वाटलं, स्कूटरचा धूर विचारताहेत. म्हटलं, "स्कूटर ठीक आहे." "स्कूटरचा नाय गो. रस्त्याचा." मी जरा हळू केली. म्हटलं, डावीकडे सुकट वाळत घातलीय. पुढं कोणाकडे तरी भाकऱ्या होताहेत, एक करपलीय. त्यांनी विचारलं, "तांदळाची की नाचण्याची?" मी म्हटलं, तांदळाची. आरशात मला दिसलं, ते डोळे मिटून बसले होते. त्या दिवसापासून तो आमचा नेम झाला. जेटी ते घर, मी वास सांगत यायची. आंब्याच्या पेट्यांतला पेंढा, भिजलेला जांभा, शेणानं सारवलेलं अंगण, काजूची बोंडं, गटारसुद्धा. गटाराचं सांगितलं तर हसायचे, "ता आठवतंय, ता नको." घरी आल्यावर सासूबाई तव्यावर काही परतत असल्या की दारातच हळूच विचारायचे, "आज हिनं काय केलान? कशी झालीय?" मी सांगायची, लसूण जास्त आहे, कोकम घातलंय, खोबरं थोडं लागलंय. त्यांच्या बायकोच्या हातच्या जेवणाची पन्नास वर्षांची ओळख, आणि ती मी त्यांना शब्दांत परत करत होते. एकदा मात्र त्यांनी विचारलं, "हिच्या केसांचा वास सांगता येईल तुला?" आणि लगेच, "जाऊ दे, तुला काय सांगता येणार," म्हणून विषय बदलला. मी नंतर कितीदा मनात म्हटलं की मुद्दाम सासूबाईंची वेणी घालायला बसावं, आणि सांगावं त्यांना. राहून गेलं. या एका गोष्टीची मला आज सगळ्यात जास्त रुखरुख आहे.

या वर्षी पावसाळ्यात बोटी वर ओढल्या तेव्हा अण्णांचे हात थरथरायला लागले होते. मी म्हटलं, आता पुरे. त्यांनी हनीफच्या बोटीचा बेलो बदलायचा राहिलाय एवढंच सांगितलं. त्या कामाला त्यांनी चार दिवस घेतले, एरवी अर्ध्या दिवसाचं काम. पावसाची सर आली की थांबायचं, ताडपत्रीखाली बसायचं, हात पुसायचे, पुन्हा सुरू. एक नट, मग समोरचा, मग आडवा. हात थरथरायचा, पण पाना नटावर बसला की थांबायचा. नवीन कापडाची पट्टी नळीभोवती गुंडाळताना मला धरायला लावली, आणि एखाद्या लहान मुलाचा हात प्लास्टरात घालावा तशी ती घट्ट, सावकाश गुंडाळली. नारळ वाहून बोटी पाण्यात गेल्या त्या दिवशी मी आत बसले, सगळे वास सांगितले, त्यांनी "आणि धूर?" विचारलं, मी "नाही" म्हटलं, आणि ते "जाऊ दे" म्हणाले. त्यानंतर ते पुन्हा जेटीवर गेले नाहीत. पडवीतल्या खुर्चीत बसून राहायचे. शाळेतून आल्यावर मी बाजारातून घरापर्यंतचे वास सांगायची, तेवढं पुरायचं त्यांना.

गेल्या आठवड्यात हनीफ आला. पापलेटं घेऊन, आणि रडतच. अण्णा गेले त्या दिवशी तो समुद्रात होता, त्याला उशिरा कळलं. जाताना म्हणाला, "टीचर, बोट बरेच दिवस बाहेर होती. एकदा येऊन बसाल? अण्णांचं काम हाय, मला भीती नाय. पण अण्णांनीच लावलेली शिस्त, म्हणून." मी गेले. शाळा सुटल्यावरच गेले, जशी जायची. स्कूटरची मागची सीट रिकामी असल्यानं गाडी हलकी वाटत होती आणि वळणावर मी दोनदा चुकून हळू केली.

केबिनचं दार मी आतून लावलं. हनीफनं इंजिन चालू केलं. मी डोळे मिटले आणि नीट, एकेक करून वास बाजूला काढायला सुरुवात केली. खरं सांगते, मी देवाजवळ त्या दिवशी एक अगदी वेडी मागणी केली. म्हटलं, कुठून तरी जरासा धूर येऊ दे. एक नट सैल निघू दे. म्हणजे त्यांचं काहीतरी करायचं राहिलंय असं होईल, त्यांच्या जोडाला हात लावायचं निमित्त मिळेल, आणि मला म्हणता येईल, अण्णा, इथं बघा, इथं आवळायला हवं. खलाशांच्या जिवाशी खेळणारी मागणी, आणि ती मी, त्यांच्यावर आवाज चढवणारी मी, करत होते. अर्धा तास झाला. मग आणखी अर्धा. हनीफनं दार वाजवलं, मी म्हटलं, "अजून थोडं."

मग मी मोठ्यानं सांगायला लागले. इंजिनाच्या आवाजात बाहेर कोणाला ऐकू जाणार नव्हतं. ओली दोरी आहे, अण्णा. तळातलं पाणी जुनं झालंय, उपसायला सांगते. कोणीतरी चहात आलं घातलंय. हनीफची चादर उन्हात वाळवलेली आहे. जाळ्याला बांगड्याचा वास आहे. डिझेलच्या कॅनचं झाकण सैल आहे. एवढं सगळं सांगून झालं आणि मी गप्प राहिले, कारण आता विचारायची पाळी त्यांची होती. बराच वेळ इंजिन चालत राहिलं. पाठीमागे, फळीच्या पलीकडे, त्यांनी आवळलेल्या नळीतून सगळा धूर सरळ वर जात होता, एक धागासुद्धा आत येत नव्हता.

"नाही, अण्णा," मी म्हटलं. "अजिबात नाही."

दार उघडलं तर हनीफ समोरच उभा होता. तो नुसता माझ्या तोंडाकडे बघत राहिला, आणि मला कळलं की त्याला काय ऐकायचं आहे. तो शब्द माझा नव्हता. मला तो तोंडातून काढायला फार वेळ लागला.

"जाऊ दे," मी म्हटलं.